जरा जोरात ओढा, मॅडम

पतसंस्थेत नवे सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचा ठराव मीच मांडला होता, हे आधीच सांगून टाकतो. जुने कॅमेरे होते, पण ते केवळ चोरांना धाक म्हणून. त्यांच्या वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या आणि ही गोष्ट चोर सोडून सगळ्या ठेवीदारांना ठाऊक होती. नव्यांचं चित्र मात्र मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर आठ चौकोनांत लख्ख दिसतं. साहेब रजेवर असले की अकाउंटंट या नात्यानं त्यांच्या खुर्चीत मी बसतो, आणि बसलो की माझी नजर आपोआप करडी होते. तशा करड्या नजरेनं पडद्याकडे पाहत असताना एका चौकोनात मला कुणीतरी पाठमोरा गृहस्थ खुर्चीत ऐसपैस रेलून बसलेला दिसला. अंगात चौकड्यांचा शर्ट, टाळू अगदी मोकळी, कडेनं केसांची झालर, आणि ऐट अशी की संस्था याच्या वाडवडिलांनीच काढली असावी. मी वॉचमनला हाक मारली. म्हटलं, "अरे, आत कोण टकला येऊन बसलाय? उठव त्याला आधी." वॉचमननं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, मी कसा उठवणार? तुम्हीच उठून बघा ना."

मी उठलो. तोही उठला.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं टक्कल माणसाला कॅमेऱ्यातून कळतं का? अहो, कळणार कसं! आरसा समोरचं दाखवतो, आणि समोरचं माझं अजून बरं आहे. पुढच्या बटा मागे वळवून, पाणी लावून, वरून हात फिरवून मी रोज त्याच आरशासमोर समाधानानं निघत आलो, आणि त्याच वेळी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत माझ्या मागे उभे राहणारे शेकडो लोक माझ्या टाळूची प्रगती रोजच्या रोज पाहत आले. पुढे मला असंही कळलं, की डोक्यावरचे निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा सहसा नजरेत भरत नाही. म्हणजे निम्मी शिल्लक संपेपर्यंत बँक कळवतच नाही.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कशाचं? टाळूचं? हो की. आपल्या मुलीच्या बारावीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तुमचंच डोकं आहे ना?"

त्या दिवसापासून मला सगळीकडे केस दिसू लागले. उशीवर केस, टॉवेलवर केस, व्हाउचरच्या गठ्ठ्यात केस, आमटीत केस. एरवी आमटीतल्या केसाबद्दल बायकोला बोल लावायची सोय असते, तीही गेली, कारण केस आखूड होता. गळती नक्कीच वाढली होती. शेवटी माणूस करतो ते मी केलं. चौकशी केली. सलूनवाला म्हणाला, "पाणी, साहेब. बोअरचं पाणी." शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, हेल्मेट. माझ्याकडे स्कूटर नाही, हे सांगितल्यावर म्हणाले, "मग विचार." वहिनींनी फोनवर कांद्याचा रस सुचवला. तो चोळून मी गाडीत चढलो, आणि खिडकीजवळ उभं राहायला मला प्रथमच ऐसपैस जागा मिळाली. आईनं गावाहून माका, जास्वंद आणि आवळ्याचं तेल पाठवलं, त्याचे डाग अजून उशीच्या अभ्र्यावर आहेत. केस नाहीत.

मग मला आठवला शेगाव तालुका. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावांमध्ये माणसांचे केस काही दिवसांतच हातात यायला लागले होते, बायका-मुलांचेसुद्धा, आणि दिल्लीपासून तज्ज्ञांची पथकं येऊन पाण्याचे न् रक्ताचे नमुने घेऊन गेली होती. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या लोकांचं दुःख खरं होतं, माझं हौशी. पण हौसेला मोल नाही. मी डब्यातला गहू ताटात पसरून भिंगानं पाहू लागलो. बायकोनं थोडा वेळ पाहू दिलं, मग पाठीवरची वेणी पुढे घेतली, माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "हाच गहू मीपण खाते." गहू निर्दोष सुटला.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं ठरलं. डॉक्टरांकडे माणसानं नीटनेटकं जावं, असे आमच्यावर संस्कार. आईच्या काळात तर वैद्याकडे जातानासुद्धा धुवट धोतर लागे. त्या संस्कारांना जागून मी शनिवारी केस बारीक कापून घेतले, रविवारी उरलेल्यांना काळा रंग लावला, आणि रंगाचा वास राहू नये म्हणून सोमवारी सकाळी दोनदा शाम्पू केला. शिवाय पुरावा हवा म्हणून गळालेले केस रोज गोळा करून पतसंस्थेच्या खाकी पाकिटात घातले होते, पाकिटावर तारखा टाकल्या होत्या, प्रत्येक तारखेखाली सही. मामाचा एक जुना फोटोही घेतला, कारण टक्कल आजोळाकडून येतं असं सगळे सांगतात आणि मामाच्या डोक्यावर लग्नातसुद्धा मुंडावळ्यांशिवाय काही नव्हतं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली, माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तर आत एखादं मोठं यंत्र असेल, त्यात डोकं घालावं लागेल, अशा तयारीनं गेलो होतो. तिच्या टेबलावर होत्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या, एक काळी, एक पांढरी, एक टॉर्चसारखं भिंग आणि एक कंगवा. एवढ्यावर माझं निदान व्हायचं होतं. मला जरा अपमान वाटला.

तिनं आधी डोक्याला हातच लावला नाही. माझी नखं पाहिली. मी हळूच हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. बाई चुकून दुसऱ्याच पेशंटचे कागद घेऊन बसल्यात की काय! पण नाही. चाई पडते तेव्हा कधी कधी नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, म्हणून नखं आधी. मग भुवया, त्याही पातळ होतात का ते बघायला. थायरॉइड मंदावलं की म्हणे भुवईचा बाहेरचा भाग विरळ होतो. मग प्रश्न. केस पुंजक्यांनी जातात की एकेक? चट्टा पडला की सगळीकडून विरळ? खाज? आग? कोंडा? रक्तदाबाची गोळी? कुठला आजार? शेवटच्या प्रश्नाला मी "काही नाही, तब्येत ठणठणीत" म्हणालो, आणि ही मागून म्हणाली, "अहो, ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता ना? पाच दिवस सलाईनवर होतात." मी म्हटलं, डेंग्यू होऊन गेला, आता नोव्हेंबर आहे, त्याचा केसांशी काय संबंध? मॅडमनी तारीख लिहून घेतली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. मामाच्या फोटोला मात्र एकही रेघ मिळाली नाही. "आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ही हसली, कारण तिला माझ्या वडिलांचं डोकं ठाऊक होतं.

मग आली मुख्य परीक्षा. हिचं नाव इंग्रजीत भारदस्त असेल, पण प्रत्यक्षात ती केस ओढायची परीक्षा आहे. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत मुळाशी धरतात आणि टोकापर्यंत बोटं सरकवत नेतात, शेवग्याच्या डहाळीवरून पाला ओरबाडतात तसं, फक्त हलक्या हातानं. हातात दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सहाच्या वर केस आले तर गळती जोरात चालू आहे. हल्ली काही डॉक्टर दोनच्या वर आले तरी कान टवकारतात.

चिमूट धरण्याआधी मॅडमनी विचारलं, "काका, केस कधी धुतले होते?"

मी अभिमानानं म्हणालो, "आज सकाळी. दोनदा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. या परीक्षेआधी निदान एक दिवस तरी डोकं धुवायचं नसतं, कारण जे केस सुटायला आलेले असतात ते धुण्यातच निघून जातात. माझे तर दोन शाम्पूंत गेलेले. तरीही त्यांनी ओढून पाहिलं. टाळूच्या कडेला, बाजूला, मागे. हातात एक केस नाही.

"छान घट्ट आहेत की," मॅडम म्हणाल्या.

काय सांगू तुम्हाला! महिनाभर घर डोक्यावर घेतलं, आमटी टाकून दिली, गव्हावर संशय घेतला, अर्धा दिवस रजा टाकली, फी भरली, आणि ऐन वेळी या कृतघ्न केसांनी साक्ष फिरवली. मागून हिच्या बांगड्या वाजल्या. मी काकुळतीनं म्हणालो, "जरा जोरात ओढा, मॅडम. एखादा येईल."

"जोरात ओढले तर कुणाचेही येतील, काका. माझेही."

"मग आणखी एकदा? इकडून?"

"अहो!" ही म्हणाली.

पुढच्या गोष्टी अशाच झाल्या. त्यांनी केसाचा खालचा भाग एका हातानं धरून दुसऱ्या हातानं टोक खेचून पाहिलं, तुटतो का ते बघायला. तुटला नाही. भांग पाडून त्यामागे पांढरी पट्टी धरली. काळ्या केसांना पांढरी आणि पांढऱ्यांना काळी, म्हणजे आखूड केसांची टोकं स्पष्ट दिसतात. नव्यानं उगवणाऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं, मोडलेल्याचं बोथट. माझी सगळीच टोकं बोथट होती. शनिवारी कात्री फिरली होती ना! मग त्यांनी ते भिंग डोक्याला टेकवलं. भिंगातलं चित्र पडद्यावर मोठं होऊन येतं. तिथे चाईत पिवळे ठिपके दिसतात, काळे ठिपके दिसतात, मुळाशी बारीक आणि वर जाड असे उद्गारचिन्हाच्या आकाराचे केस दिसतात. माझ्या डोक्यात काळाच काळा दिसला. मॅडम पुढे सरकल्या, मागे सरकल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांनी टाळू पुसली. बोळा काळा झाला.

"रंग कधी लावला?"

ही म्हणाली, "काल रात्री. बाथरूमच्या फरशीवरचा अजून निघाला नाही."

उरलं होतं पाकीट. ते मी छाती पुढे काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी केस पांढऱ्या कागदावर पसरले आणि चिमट्यानं त्यांचे ढीग करू लागल्या. दीड हात लांबीचे हिचे. तपकिरी, टोकाला लालसर, ते मुलीचे. एक तर केसच नव्हता, झाडूची काडी होती. माझे म्हणता येतील असे जे उरले ते त्यांनी उजेडात धरले आणि म्हणाल्या, "बघा, टोकाला पांढरा कंद आहे." तो मी आधीच पाहिला होता, आणि केस मुळासकट उपटून आला म्हणून एक रात्र झोपलो नव्हतो. पण ते मूळ नव्हेच. विश्रांतीला गेलेला केस आपणहून सुटतो तेव्हा त्याच्या टोकाला असा पांढरा कंद असतो. मूळ कातडीत शाबूत राहतं आणि त्यातून पुन्हा केस येतो. "पाकिटाचा एवढा उपयोग झाला," मॅडम म्हणाल्या. सह्यांबद्दल कुणीच काही बोललं नाही.

काही आठवड्यांनी या, म्हणाल्या. रंग नाही, कापणं नाही, आणि येण्याआधी दोन-तीन दिवस डोक्याला पाणी नाही. रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, थायरॉइड. ते सगळं पुढे ठीक आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दारातून मी भीत भीत विचारलं, याहून मोठी तपासणी नसते का? असते, म्हणाल्या. पन्नासेक केस रबर लावलेल्या चिमट्यानं एका झटक्यात उपटायचे आणि मुळं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. किंवा टाळूचा चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, पण तो केसांची छिद्रंच बुजून कातडी गुळगुळीत होत असेल तर. "काढायचा का?" मी केव्हाच जिन्यात होतो.

मधले दिवस वाया घालवायला मी काही आळशी माणूस नाही. मुलीच्या मोबाइलवर रात्री जागून मी अभ्यास केला, आणि घरच्या घरी करायच्या दोन परीक्षा शोधून काढल्या. पहिली कंगव्याची. डोकं पुढे वाकवून, मागून पुढे, बरोबर साठ सेकंद कंगवा फिरवायचा, खाली एकरंगी अभ्रा पसरायचा, आणि पडलेले केस मोजायचे. 2008 मध्ये अमेरिकेत निरोगी पुरुषांवर हे करून पाहिलं, तेव्हा सरासरी दहाच्या आसपास केस पडले. आता यात चुकण्यासारखं काय आहे? घड्याळ लावायला मुलगी, अभ्रा धरायला बायको, आणि केस विंचरायला मी, असे आम्ही दिवाणखान्यात जमलो. पहिल्यांदा पंखा चालू राहिला. दुसऱ्यांदा अभ्र्यावर बारीक काळ्या वेली निघाल्या आणि मी त्यातल्या चार वेली मोजल्या. तिसऱ्यांदा हिनं पांढराशुभ्र अभ्रा काढला, आणि एव्हाना रंग उतरून माझे केस निम्मेअधिक पांढरे झाले होते. मी चष्मा लावून अकरा मोजले, हिनं चष्म्याशिवाय एकवीस, मुलीनं टॉर्चनं चौदा. इतकी वर्षं ताळेबंद जुळवणारा मी, माझ्याच डोक्याचा जुळेना. शेवटी सरासरी काढली.

दुसरी परीक्षा धुण्याची, इटलीतल्या डॉक्टरांनी रूढ केलेली. पाच दिवस डोकं धुवायचं नाही, मग धुवायचं, पाणी गाळून घ्यायचं, आणि निघालेले केस वाळवून मोजायचे. तीन सेंटिमीटरपर्यंतचे वेगळे, पाचच्या वरचे वेगळे. आखूड बारीक केस बरेच निघाले तर टकलाची वाटचाल, लांबच लांब निघाले तर नुसती गळती. पाणी गाळायला मला मलमलचं एक मऊ स्वच्छ फडकं स्वयंपाकघरात खुंटीवर मिळालं. ते मोरीच्या जाळीवर घट्ट बसवलं, नळ सोडला, डोक्याला फेस केला. फडकं पाच दिवसांच्या तेलानं तुंबलं, पाणी चढलं, उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं, आणि डोळ्यांत साबण असल्यामुळे मला ते बायकोच्या आवाजावरून कळलं. पाण्याबद्दल ती फारसं बोलली नाही. ते फडकं चक्का बांधायचं होतं. यंदाच्या पाडव्याला श्रीखंड विकतचं आणायचं आहे.

तरीही केस वाळवून, मोजपट्टी घेऊन मी मोजायला बसलो. एकूण एक केस तीन सेंटिमीटरच्या आतले! म्हणजे सगळंच संपलं, असा हिशोब निघाला. रात्री अकराला मुलीला उठवून मी हे सांगितलं. ती डोळे चोळत म्हणाली, "बाबा, तुम्ही कटिंग केली होती ना? डोक्यावरच तीन सेंटिमीटर नाहीत, तर मोरीत कुठून येणार?"

या निराशेतच मी आणखी एक हिशोब करून ठेवला होता, तो मॅडमसमोर मांडायला दुसऱ्या भेटीत घेऊन गेलो. डोक्यावर सुमारे एक लाख केस. रोज शंभरपर्यंत गळणं स्वाभाविक, असं सगळे डॉक्टर सांगतात. लाख भागिले शंभर, हजार दिवस. म्हणजे स्वाभाविकपणे वागूनसुद्धा माणूस पावणेतीन वर्षांत साफ! मॅडमनी कागद घेतला आणि हसून म्हणाल्या, "काका, नावे बाजू लिहिली, जमा कुठाय?" मग त्यांनी समजावलं. दर शंभरातले नव्वदच्या आसपास केस वाढत असतात, दोन ते सहा वर्षं. दहाएक टक्के विश्रांतीला असतात, तीनेक महिने, मग गळतात आणि त्याच जागी नवे येतात. मी मनातल्या मनात आकडे टाकले. लाखाचे दहा टक्के दहा हजार, तीन-सव्वातीन महिने म्हणजे शंभर दिवस, दहा हजार भागिले शंभर. शंभर! जुळलं, अगदी पैशाला पैसा जुळलं. इतकं सुंदर खातं मी आमच्या संस्थेत पाहिलेलं नाही.

या वेळी डोकं न धुता, न रंगवता गेलो होतो. पतसंस्थेतले सहकारी दोन दिवस काउंटरच्या त्या टोकाला बसत होते. मॅडमनी टाळूजवळ चिमूट धरून बोटं सरकवली, आणि हात उघडला. आठ! बाजूला, सात! मागे, पुन्हा आठ! मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, "बघ! सांगत होतो की नाही?" आनंदानं मी मॅडमचा हात हातात घ्यायला गेलो, तर त्यात माझे आठ केस होते. ही कपाळाला हात लावून म्हणाली, "केस गळतात म्हणून पेढे वाटणारा माणूस पहिल्यांदा बघितला." काळ्या पट्टीवर पांढरी, निमुळत्या टोकांची बारीक पिल्लंही दिसली; नवे केस निघाले होते.

निदान असं झालं, की मला एक नव्हे, दोन आजार आहेत, आणि दोन्ही मी एकमेकांत मिसळून घेऊन आलो होतो. मोठ्या तापानं वाढते केस एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे एकदमच गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव 1961 मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलं. मला ते लगेच समजलं. एकाच दिवशी ठेवलेल्या मुदत ठेवी एकाच दिवशी मोडायला येतात, त्यात संस्था बुडत नाही. ऑगस्टखालच्या दोन रेघा याच्याच होत्या. हे केस परत येणार. पण टाळूचं खातं निराळं. तिथे भिंगाखाली पडद्यावर जाड केसाशेजारी बारीक, बारीकशेजारी अगदी कोळिष्टकी धागा, असा भेसळीचा प्रकार दिसला, आणि पाचातला एक केस जरी असा हडकलेला निघाला तरी ते पुरुषी टक्कल धरतात. डेंग्यूचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते मुलीच्या बारावीपासूनचं.

मग मॅडमनी तक्ता काढला. त्यावर ओळीनं डोकी, पहिलं भरगच्च, सातवं कानांच्या मधल्या झालरीपुरतं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी ही वर्गवारी 1951 मध्ये केली आणि नॉरवूड यांनी 1975 मध्ये सुधारली. मॅडमचं पेन चौथ्या डोक्यावर थांबलं. मी म्हटलं, "तीन लिहा ना." त्या म्हणाल्या, तीनमध्येही टाळूवाला एक पोटप्रकार आहे खरा, पण तुम्ही त्याच्या पुढे आहात. "साडेतीन?" साडेतीन नसतो. आयुष्यभर मला कुणी वरच्या वर्गात घातलं नाही, आणि घातलं ते हे.

या हॅमिल्टनबद्दल मी पुढे आणखी वाचलं. 1942 मध्ये त्यांनी असं दाखवलं होतं, की वयात येण्याआधीच ज्यांचं खच्चीकरण झालं अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. म्हणजे खात्रीचा एक प्रतिबंधक उपाय उपलब्ध होता. मी तो हिला सांगितलेला नाही.

मला मिळालं औषध मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलतीकडे केस उगवू लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, आणि 1988 मध्ये अमेरिकेत ती टाळूवर चोळायला परवानगी मिळाली. रोज दोनदा, एकेक मिली. सुरुवातीला काही आठवडे गळती वाढेल, घाबरू नका, असं मॅडमनी बजावलं. म्हणजे गळती थांबवायचं औषध आधी गळती वाढवणार. गप्प बसलो. नाही तरी आमच्या संस्थेत वसुलीचा अधिकारी नेमला की पहिले तीन महिने वसुली कमीच होते.

शेवटी त्यांनी टाळूचा फोटो काढला आणि सांगितलं, की दर महिन्याला घरी असाच फोटो काढायचा. तोच उजेड, तेच अंतर, तोच भांग, तरच फरक कळेल. मुलगी परीक्षेला पुण्याला गेलेली, ही माहेरी. म्हणून रविवारी सकाळी मीच गॅलरीत उभा राहून मोबाइल उलट्या हातानं डोक्यामागे धरला आणि अंदाजानं बटण दाबत राहिलो. पंख्याचे पुष्कळ आले, कानाचे काही, समोरच्या इमारतीत दात घासणाऱ्या एका गृहस्थांचा एक अतिशय स्पष्ट आला. मधूनच एक टाळूचाही आला. किंचित हललेला, पण उजेड बरोबर, मध्ये फिकट पांढुरकं, कडेनं काळसर. तो मॅडमना पाठवायला म्हणून बटण दाबलं. मॅडमच्या नावाखालीच आमच्या सोसायटीचा देखभालीचा ग्रुप आहे, आणि माझा चष्मा आत टीपॉयवर होता.

पाच मिनिटांत सेक्रेटरींचं उत्तर आलं, "ही ओल कुठल्या मजल्यावर?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, आमच्याही बेडरूमच्या छताला अगदी अशीच आली आहे, चार वेळा तक्रार केली, कुणी दखल घेत नाही. मास्तर म्हणाले, वॉटरप्रूफिंगवाल्यानं फसवलं, मी तेव्हाच म्हणालो होतो. त्यावर चेअरमननी मागच्या वर्षीचं कोटेशन टाकलं. मी काय लिहावं याचा विचार करेपर्यंत तीन जणांनी सर्वसाधारण सभा बोलवायची मागणी केली, म्हणून मग मी काहीच लिहिलं नाही.

प्लंबर साडेदहाला आला. शिडी घेऊन.